एका बादलीचं लोणी

कापडावर बारा चकत्या होत्या, एक पोलादी वाडगं, दोन तोट्या, एक रबरी कडं, एक तरंगती वाटी आणि एक पाना. साय काढायचं यंत्र धुऊन झालं की अनिपा हे सगळं सुकायला पसरायची आणि थोरले एकेक भाग उचलून पुसायचे. चकत्या शंकूच्या आकाराच्या, एकात एक बसणाऱ्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण क्रम चुकला की वाडगं फिरताना थरथरायचं आणि साय दुधातच राहायची. म्हणून कारखान्याने प्रत्येकीवर आकडा कोरून दिला होता. थोरल्यांना आकडे येत नव्हते. त्यांना चकत्या येत होत्या.

थोरले म्हणजे अनिपाच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. वय एकसष्ट. जन्मापासून साधे. गावात त्यासाठी हाच एक शब्द होता आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे. ते शाळेत गेले नाहीत, कारण त्यांच्या लहानपणी तपासणीवाले यायचे आणि अशी मुलं खिंडीपलीकडच्या निवासगृहात न्यायचे. तपासणीची गाडी दिसली की त्यांची आई, म्हणजे एने, त्यांना गवताच्या गंजीत बसवून वर पेंढा टाकायची. अशा रीतीने थोरले घरात राहिले आणि सरकारी कागदांत मात्र कुठेच आले नाहीत. वासरं वळवणं, शेणाच्या गोवऱ्या रचणं आणि संध्याकाळी यंत्राचा दांडा फिरवणं, ही त्यांची कामं. चाळीस वर्षांत त्यात खंड नव्हता.

कोक-बेल गावात केलिन, म्हणजे सून, थोरल्या दिराचं नाव घेत नाही, त्याच्या डोक्याला हात लावत नाही आणि त्याच्या नावात जो शब्द असेल तोही तोंडातून काढत नाही. थोरल्यांच्या नावात 'ताश' होता, म्हणजे दगड. त्यामुळे अनिपा लग्न होऊन आल्यापासून कोबीच्या पिंपावर 'ते जड' ठेवत आली होती आणि नदीवरून 'ते टणक' आणत आली होती. शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "अगं अनिपा, तुझ्या नवऱ्याच्या मूत्रपिंडात काय सापडलं म्हणे?"

"ते जड," अनिपा म्हणायची आणि बायका हसून लोळायच्या.

दोन वसंतांपूर्वी एने गेली आणि त्यानंतर थोरले बदलत गेले. वासरू सुटलं म्हणून हाक मारावी, तर ते कुंपणाशी पाठमोरे उभेच. कोळशाचा ट्रक भोंगा वाजवत आला तरी रस्त्याच्या मधोमध. आधी दोन-चार शब्द बोलायचे, तेही आटले. लोणीसुद्धा घटलं. एनेच्या हयातीत संध्याकाळच्या एका बादलीचं सहाशे ग्रॅमच्या आसपास लोणी निघायचं. हल्ली चारशेला टेकत नव्हतं. अनिपाने आधी गाईंना दोष दिला, मग चाऱ्याला.

या उन्हाळ्यात मात्र दोष द्यायला गाय पुरली नाही. बिश्केकहून आलेली नात, पाच वर्षांची मेएरिम, अंगणात मागून धावत आली आणि थोरल्यांच्या पाठीला लटकली. ते किंचाळले आणि त्यांनी तिला अशी झटकली की ती कुंपणावर आपटली. ओठाला तीन टाके पडले. त्या दिवसापासून मुलाचा, एर्मेकचा, फोन आला की एकच विषय. "आई, त्यांचं डोकं आता पार गेलंय. ते घरात असतील तर पोरगी तिकडे येणार नाही. बाबांना सांग, काय ते ठरवा."

अनिपाचा नवरा शारशेन सप्टेंबरात मेंढरं घेऊन कुरणावरून उतरला, तेव्हा त्याने ठरवलेलंच होतं. महिनाअखेरीस जिल्ह्याला वैद्यकीय आयोग बसणार होता. आयोगाने शिक्कामोर्तब केलं की थोरले खिंडीपलीकडच्या निवासगृहात.

"माझ्या सख्ख्या भावाला घालवून द्यायची मला हौस आहे असं वाटतं का तुला?" त्याने त्या रात्री विचारलं होतं.

"मी कुठे काही म्हटलं?"

"तू काही म्हणत नाहीस तेच मला ऐकू येतं. उद्या पोरीला चुलीत ढकललं तर?"

भीती अनिपालाही वाटत होती. पण शारशेन वर्षातले पाच महिने कुरणावर असायचा. मागे उरलेल्या या घरात रोज संध्याकाळी यंत्राच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला थोरले, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

आयजारकिन आली ती त्याच आठवड्यात. आरोग्य केंद्रात नव्याने आलेली डॉक्टर, राजधानीत शिकलेली, पायात चिखलाने भरलेले पांढरे बूट. ती घरोघर फिरून, बायकांना एजे, म्हणजे ताई, म्हणत एकच प्रश्न विचारत होती.

"एजे, तुमच्या घरात चाळिशीपुढचं कुणी आहे का, ज्यांना लहानपणापासून शिकायला, समजायला अवघड जातं?"

"नाही ग पोरी. आमच्यात तसं कुणी नाही," अनिपा म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. प्रश्नातलं माणूस आणि घरातलं माणूस एकच, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात थोरले आत आले, चटईवर बसले, चहात साखरेचे तीन खडे टाकले आणि पाहुणीच्या कोटाची चकचकीत बटणं बघून खुदकन हसले.

"आणि हे?"

"हे थोरले. ते साधे आहेत."

"प्रत्येक घरात मला असेच एक 'साधे' भेटतात," आयजारकिन म्हणाली, "आणि प्रत्येक घरात तसं कुणी नसतं. नाव काय यांचं?"

अनिपाने नवऱ्याकडे पाहिलं. दारातून शारशेन म्हणाला, "तिला काय विचारतेस? ती मेली तरी सांगायची नाही. ताश्तान. लिही, पोरी. बरं झालं तू आलीस. आम्हाला आयोगापुढे जायचंच आहे."

आयजारकिनने तपासणी सुरू केली. आज वार कोणता? महिना कोणता? मी तीन शब्द सांगते, ते मला परत सांगा: घोडा, सफरचंद, वाटी. थोरले आधी तिच्या ओठांकडे बघत राहिले, मग अनिपाकडे. अनिपाच्या हातात चहाची वाटी होती.

"चहा," थोरले म्हणाले.

"पूर्वी बोलायचे का?"

"बोलायचे. थोडंच, पण बोलायचे."

"नावाने हाक मारली तर बघतात?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी नाव घेत नाही."

"मग घरात नाव कोण घेतं?"

अनिपाने आठवून पाहिलं. शारशेन त्यांना आके म्हणायचा, म्हणजे दादा, तेही घरी असला तर. नातवंडं आजोबा म्हणायची. "एने घ्यायची," ती म्हणाली.

आयजारकिनने लिहिणं संपवलं आणि जरा जपूनच बोलली. "उतारवयात अशा काही माणसांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा लवकर जायला लागते. इथे खुणा तशाच दिसताहेत. मला वाईट वाटतं, एजे."

शारशेनने पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखा श्वास सोडला आणि मेंढरांकडे निघून गेला. अनिपाने जेवणाच्या दस्तरखानाची चारही टोकं गोळा केली आणि त्यातले पावाचे कण झटकायला बाहेर गेली. कण केव्हाच पडून गेले होते, तरी ती झटकत राहिली.

आयजारकिनची गाडी खालच्या वाडीला गेली होती, परतायला वेळ होता. तोवर धारा काढून झाल्या. कोमट दुधाची बादली आत आली आणि थोरले उठून यंत्राकडे गेले. आयजारकिन स्टुलावर बसून बघू लागली. तिने असलं हातयंत्र कधी पाहिलं नव्हतं.

थोरल्यांनी चकत्या उचलायला सुरुवात केली. एक, मग तिच्यावर दुसरी. मध्येच एक परत ठेवली, कडेचा पोचा अंगठ्याने चाचपला आणि दुसरी घेतली.

"ते आकडे बघताहेत?" आयजारकिनने विचारलं.

"त्यांना कुठले आकडे? ही थोडी काळवंडलेली, तिला पोचा, तिची कड घासलेली. त्यांना सगळ्या पाठ आहेत."

थोरले तोटी आणायला वळले तेव्हा आयजारकिनने हळूच वरच्या चकत्यांमधल्या दोघींची अदलाबदल केली. थोरले परत आले. बघितलं. "हॅट!" असं म्हणून त्यांनी वरच्या चार चकत्या काढल्या, त्या दोघींना आपापल्या जागी बसवलं आणि चुलीशी झोपलेल्या मांजराकडे रागाने पाहिलं.

"तीन शब्द ज्यांच्या लक्षात राहत नाहीत, त्यांच्या बारा चकत्या कशा लक्षात राहतात?" आयजारकिन स्वतःशीच पुटपुटली.

थोरल्यांनी दांडा फिरवायला घेतला. यंत्र आधी घरघरलं, मग गुरगुरलं. तेवढ्यात त्यांनी तोटी उघडली आणि दूध सोडलं. अनिपाच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं?"

"लवकर सोडलं. हल्ली रोज असंच. यंत्र अजून कण्हतंय बघ, गात नाहीये. ते गायला लागलं की मगच दूध सोडायचं, आणि शेवटपर्यंत त्याला गातं ठेवायचं. आधी यांची तोटी कधी चुकली नाही गं. एने म्हणायची, माझ्या पोराला यंत्राची भाषा येते."

"पण गायला लागलं हे त्यांना कळायचं कसं? चाकावर काही खूण आहे?"

"खूण कसली? कानाने—" अनिपा म्हणाली आणि तिथेच थांबली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आयजारकिन स्टुलावरून उठली, थोरल्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "ताश्तान!" थोरले दांडा फिरवत राहिले. ती आणखी जवळ गेली. "ताश्तान आके!" काही नाही. तिने अनिपाला खुणावलं. "तुम्ही मारा हाक. तुमचा आवाज ओळखीचा."

"मी? छे, छे!"

"बरं, मग मला एवढंच सांगा. तुम्ही त्यांना जेवायला कशा बोलावता?"

"समोर जाते. वाटी दाखवते. नाहीतर बाहीला धरते." बोलता बोलता अनिपा खाली बसली. एवढी वर्षं ती हेच करत आली होती. हाक मारलीच नव्हती, म्हणून ती न ऐकल्याचं तिला कधी कळलंच नव्हतं. "आणि पोरगी मागून आली," ती हळू म्हणाली. "मागून आली होती ती. यांना चाहूल कशी लागणार?"

आयजारकिनने पिशवीतून कान बघायचा दिवा काढला. थोरल्यांनी तो आधी स्वतः हातात घेऊन तीनदा लावून विझवून पाहिला आणि मगच तिला कानाजवळ येऊ दिलं. तिने डावा कान पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा.

"दोन्ही बुजलेत. मळ इतका घट्ट बसलाय की आतलं काही दिसतच नाही. यांचे कान कधीच कुणी साफ केले नाहीत?"

"एने करायची ना. दर हिवाळ्यात मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून थेंब थेंब सोडायची, मांडीवर डोकं घेऊन."

"आणि ती गेल्यावर?"

अनिपाने स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "मी त्यांच्या डोक्याला हात लावू शकत नाही, पोरी."

आयजारकिनने भरलेला कागद बाहेर काढला, खालची ओळ वाचली आणि कागद दुमडून खिशात घातला. "हे मी घाईने लिहिलं. आधी कान तपासायचे असतात, मग प्रश्न विचारायचे. मला तसंच शिकवलं होतं." तिचे कान मात्र लाल झाले होते.

शारशेनला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे कानात मळ आहे म्हणून आमचा आके वेडा झाला?"

"वेडे झालेच नाहीत ते," अनिपा म्हणाली.

"तुझं मन तुला हवं तेच सांगणार." तो यंत्राकडे बघत राहिला. "बरं. साफ करा कान. त्यानंतर आकेने जर पूर्वीसारखं यंत्र फिरवलं, बादलीचं पूर्वीइतकं लोणी निघालं, तर मी आयोगाचं नाव काढणार नाही. एर्मेकला मी समजावतो. आणि नाही निघालं तर तू तोंड पाडून बसायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," अनिपा म्हणाली. "पण थेंब तू घालायचेस."

"मी?"

"मग काय मी घालू? का मेंढ्यांना सांगू?"

आयजारकिनने दिलेली तेलाची बाटली शारशेनने चुलीजवळ कोमट केली. पहिल्या संध्याकाळी थोरले त्याच्या मांडीवर डोकं ठेवायला तयारच होईनात. ते अनिपाकडे बघत होते. तिने कोपऱ्यातली एनेची जुनी चौकडीची शाल आणली आणि नवऱ्याच्या मांडीवर अंथरली. थोरल्यांनी शाल चाचपली, वास घेतला आणि आडवे झाले. शारशेनने बाटली तिरकी केली. पहिला थेंब गालावरच पडला.

"मेंढीच्या डोळ्यात औषध घालतोस तेव्हा नाही चुकत नेम," अनिपा म्हणाली.

"मेंढी माझ्याकडे अशी बघत नाही."

थोरले खरोखरच त्याच्याकडे टक लावून बघत होते. दुसऱ्या कुशीवर वळायची वेळ झाली तोवर ते झोपी गेले होते, आणि शारशेन पाय बधिर होईपर्यंत तसाच बसून राहिला. पुढच्या संध्याकाळी सांगावं लागलं नाही. थोरले स्वतःच शाल घेऊन आले.

चौथ्या दिवशी आयजारकिन मोठी पिचकारी आणि तबक घेऊन आली. तिने आधी अनिपाच्या हातावर कोमट पाणी उडवलं, मग शारशेनच्या, मग थोरल्यांच्या. थोरल्यांना तो खेळ वाटला आणि त्यांनी पिचकारी मागून घेऊन सगळ्यांना भिजवलं. मग कानाची पाळी आली. एका कानातून बाहेर पडलं ते बघून शारशेन म्हणाला, "अरे बापरे, याच्यावर तर बटाटे लावता येतील."

दुसरा कान साफ झाला आणि थोरले एकदम ताठ बसले. त्यांनी चुलीकडे पाहिलं. चुलीत लाकूड तडतडलं होतं. मग मांजराकडे. मग स्वतःच्या हाताकडे, कारण तो जाजमावर घासला गेला होता. त्यांनी तो पुन्हा घासला.

आयजारकिनने दिव्याने आत पाहिलं. "पडदे ठीक आहेत. आता कुणीतरी मागून हाक मारा. मोठ्याने नको."

शारशेन बोलणार इतक्यात अनिपा उठली. ती थोरल्यांच्या पाठीमागे दारापर्यंत गेली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टोपी नीट केली आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागला.

"ताश्तान," अनिपा म्हणाली. आवाज नेहमीच्यापेक्षाही हळू होता.

थोरले गर्रकन वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग चांगलाच राग.

"केलिन!" ते ओरडले. "नाव घेतेस? छी! आई रागावेल!"

कितीतरी महिन्यांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. अनिपाने ओढणी तोंडावर ओढून घेतली. "चुकलं, थोरले," ती ओढणीआडून म्हणाली. "पुन्हा नाही घेणार." ती हसत होती की रडत, ते आयजारकिनला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. शारशेन खिडकीबाहेरच बघत होता. फक्त त्याचे खांदे गदगदत होते.

"आता यांना दरवर्षी तपासायचं," आयजारकिनने जाताना सांगितलं. "कान, डोळे, दात. कुठे दुखतंय ते हे सांगणार नाहीत. आपणच विचारायचं आणि आपणच बघायचं. आणि आता यांचं नाव आमच्याकडे आहे. मी हिवाळ्यात येईन."

संध्याकाळी धारा झाल्या. अनिपाने बादली भरून घेतली, रोजचीच, बारा लिटरची. थोरल्यांनी चकत्या रचल्या, वाडगं बसवलं, पान्याने आवळलं आणि दांडा धरला. यंत्र घरघरलं, गुरगुरलं. त्यांचा डावा हात तोटीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मान तिरकी केली. दांडा फिरत राहिला. घरघर हळूहळू वर चढत गेली, बारीक झाली आणि मग एका लांब, सलग सुरात मिसळली. थोरल्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी तोटी उघडली.

बादली संपेपर्यंत सूर उतरला नाही.

साय रात्रभर थंड ओसरीवर ठेवली. सकाळी अनिपाने तीच आणि तेवढीच साय घुसळली. लोणी वर आल्यावर गार पाण्यात धुतलं, लाकडी चमच्याने दाबून पाणी काढलं आणि फडक्यात बांधलं. शारशेन खुंटीवरचा लोकर जोखायचा काटा घेऊन आला. त्याने आधी रिकामं ओलं फडकं जोखून वजा करायला लावलं, कारण पुढे वाद नको होता. मग पुरचुंडी अडकवली आणि काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. थोरले त्याच्या शेजारी उभे राहून काट्याच्या स्प्रिंगची कुरकुर ऐकत होते.

सहाशे दहा ग्रॅम.